गाठ मारलेल्या पिशव्या

१

तक्रारीसोबत आलेला फोटो वकीलसाहेबांनी टेबलाच्या मधोमध ठेवला. आम्ही चौघं होतो. चौघांपैकी कोणीही त्याला हात लावला नाही.

फोटोत एक लहान खोली होती. जमिनीवर चादर नसलेली गादी, तिच्यावर अभ्रा नसलेली उशी. भिंतीला टेकून ओळीने मांडलेल्या मोठ्या पारदर्शक पिशव्या, तोंडाशी घट्ट गाठी मारलेल्या, आत बायकी कपडे ठासून भरलेले. सोबत चार ओळी होत्या: 'ही बाई नवऱ्याबरोबर कधी नांदलीच नाही. वेगळ्या खोलीत झोपायची, कपडे पिशव्यांत भरून राहायची. लग्न फक्त इथे राहायच्या परवानगीसाठी होतं. आता त्याच वाटेने दुसऱ्याला आणते आहे.' खाली सही नव्हती. नुसतंच 'एक हितचिंतक'.

हितचिंतक हा शब्द मी या नोकरीत इतक्या वेळा वाचला आहे, की तो दिसला की कागद चिमटीत धरते. आधी मी एका प्रयोगशाळेत सांडपाण्याचे नमुने तपासत असे. आता वकीलसाहेबांच्या अशिलांची हकीकत इमिग्रेशनच्या कार्यालयात जाण्याआधी तपासते. कामात फार फरक पडलेला नाही. तेव्हा निदान हातमोजे मिळायचे.

समोर दोन बहिणी बसल्या होत्या. धाकटी वृद्धाश्रमात परिचारिका. इथल्या एका बेकरीवाल्याशी लग्न करून ती या देशात आली, त्या लग्नावर तिला राहायची परवानगी मिळाली, मग घटस्फोट झाला. गेल्या वर्षी गावी जाऊन तिने दुसरं लग्न केलं आणि त्या नवऱ्याला इकडे आणण्यासाठी अर्ज केला. नियम समजायला सोपा आहे, सोसायला अवघड. लग्नावर परवानगी मिळालेली बाई घटस्फोटानंतर थोड्याच वर्षांत दुसऱ्या नवऱ्यासाठी अर्ज करते, तेव्हा कार्यालय आधी पहिलं लग्न उकरतं. ते मनापासूनचं होतं हे तिने सिद्ध करायचं. नाही झालं, तर दुसरा नवरा येणार नाहीच, शिवाय तिची स्वतःची परवानगीही जाईल.

"मुलाखत पुढच्या आठवड्यात आहे," वकीलसाहेब म्हणाले. "ही खोली कुठली?"

"आमच्याच घरातली," धाकटी म्हणाली. तिने फोटोकडे एकदाच पाहिलं आणि कुडत्याच्या बाह्या मनगटापर्यंत ओढून घेतल्या. "पण मला त्याबद्दल काही बोलायचं नाही."

"अगं, बोलायचं नाही म्हणून कसं चालेल?" थोरली तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाली. थोरलीची लॉन्ड्री आहे. घटस्फोटानंतर धाकटी तिच्याकडेच राहते. वकिलाची फी थोरली भरते, येता-जाता गाडीने सोडते, आणि विचारलेल्या निम्म्या प्रश्नांची उत्तरंही तीच देते. "रंगकाम चाललं होतं हो घरात. सामान बांधून ठेवलं होतं. सांग की तसं."

धाकटीने मान हलवली. होकार होता की नुसतीच हालचाल, ते कळलं नाही.

"रंगकाम. उत्तम," म्हणून वकीलसाहेबांनी ते लिहून घेतलं.

मी फोटो जवळ ओढला. भिंतीवर डोकं टेकून टेकून पडलेला तेलकट डाग होता. कोपऱ्यात ओल आलेली. बटणांच्या पाटीवर ना कागद चिकटवलेला, ना कुठे रंगाचा शिंतोडा. आणि उजव्या कडेला फोटो कापलेला होता. तिथे आणखी एका पिशवीचा अर्धा भाग उरला होता, आणि त्या अर्ध्या पिशवीत पुरुषाच्या शर्टाची पट्ट्यापट्ट्यांची बाही.

त्या घरात रंगकाम झालंच नव्हतं. आणि पिशव्यांत कपडे फक्त बायकोचेच नव्हते.

२

"लग्न खोटं ठरावं असं वाटायला मी वेडा आहे का?" बेकरीवाला म्हणाला.

दुकानाच्या मागच्या खोलीत तो कणकेचा गोळा ओट्यावर आपटत होता. कोपरापर्यंत हातमोजे घातलेले. त्या खोलीत इतका उकाडा होता, की मोज्यांच्या कडेतून घाम ओघळत होता. ती कणीक कुठे जाणार याचा विचार मी थांबवला.

"तिच्यावर तुमचा राग असेल," मी म्हटलं.

"राग आहे. पण लग्न खोटं ठरलं तर मी बायकांना परवानगी मिळावी म्हणून लग्नं करणारा माणूस ठरतो. मग हिचं काय?" त्याने कोपराने पुढच्या दुकानाकडे खूण केली.

गल्ल्यावर त्याची नवी बायको बसली होती. तीही लग्न करूनच या देशात आलेली, आणि तिची परवानगी अजून कच्ची होती. ती तिथूनच ओरडली, "मला सगळं ऐकू येतंय हं! पावात केस निघाला तर गिऱ्हाईक बोंब मारतं, आणि तुम्ही खुशाल दुकानात येऊन घटस्फोटाच्या चौकशा करताय."

"यांचं पहिलं लग्न खोटं ठरलं तर तुमचंही तपासतील," मी तिच्याजवळ जाऊन म्हटलं.

"तेच तर! एक खोटं म्हटल्यावर दुसरं खरं कोण मानणार? मी रोज देवाला सांगते, त्या बाईचं भलं कर. सवतीसाठी असं कोणी मागतं का सांगा." ती हसली, पण हसू लगेच मावळलं. "तुम्ही फोटो म्हणालात ना, मघाशी यांना? त्या मागच्या लहान खोलीचा?"

"हो."

"मी या घरात आले तेव्हा त्या खोलीत गादीच नव्हती. विचारलं तर सासूबाई म्हणाल्या, फेकली. चांगली धडधाकट गादी कोणी फेकतं का? कारण विचारलं तर दोघं मायलेक एकमेकांकडे बघायला लागले."

मी परत आत गेले. "गादी का फेकलीत?"

त्याचे हात थांबले. त्याने आधी कणकेकडे पाहिलं, मग पुढच्या दुकानातल्या रांगेकडे. मग मोजा आणखी वर ओढला.

"लग्न खरं होतं, हे कुठे हवं तिथे लिहून देतो. त्या खोलीबद्दल मात्र एक अक्षर बोलणार नाही. बाई, मी लोकांना खायला घालतो."

खायला घालण्याचा आणि गादीचा काय संबंध, हे त्याने सांगितलं नाही. ते विचारायला मी जिना चढून वर गेले. तिथे त्याची आई राहत होती.

३

"नांदली नाही म्हणतात?" काकूंनी कपाळावर हात मारला. "अहो, मग मी तीन वर्षं भांडले कोणाशी?"

धाकटीची ही पूर्वीची सासू. आवाज दणदणीत, पण हाताची पेरं सांध्यांपाशी सुजून वाकडी झालेली. बिस्किटांच्या डब्याचं झाकण त्यांनी माझ्याकडूनच उघडून घेतलं.

"भाजीत मीठ जास्त घालायची. मोरीत केस सोडायची. माझा लेक तिची बाजू घ्यायचा, मग मी दोघांशी अबोला धरायची. हे सगळं खोटं का? खोट्या सुनेशी कोण एवढं भांडतं! माझी जीभ झिजली त्यात."

"हे मुलाखतीत येऊन सांगाल?"

"मुलगा ओरडेल."

"का ओरडेल?"

काकूंनी बिस्किटाचा तुकडा तोंडात टाकला. मी फोटो त्यांच्या पुढ्यात ठेवला. त्यांनी तो लांब धरून पाहिला, आणि त्यांचं तोंड चालायचं थांबलं.

"हा कोणी काढला?"

"तेच शोधते आहे. त्या दिवसांत घरी कोण यायचं?"

"कोणी नाही. कोणाला आत घेतच नव्हतो आम्ही. दूधवाल्यालाही दारातूनच वाटेला लावायचो. आणि घेतलं असतं तरी आलं कोण असतं? घरभर कुजक्या अंड्यांचा वास. त्या पिवळ्या मलमाचा. अंथरुणाला वास, भांड्यांना वास, देवाला हात जोडायचे तर हातांनाही..."

काकूंची वाकडी बोटं तोंडावर गेली.

"काकू," मी म्हटलं, "मलम कोण लावायचं? तुम्ही तिघंही?"

"मी काही बोलले नाही. तुम्ही काही ऐकलं नाही. घ्या, बिस्किट घ्या."

बिस्किट घ्यायची माझी इच्छा मेली होती. कुजक्या अंड्यांच्या वासाचं पिवळं मलम म्हणजे गंधकाचं. घरातल्या सगळ्यांचे कपडे हवा जाणार नाही अशा पिशव्यांत कोंडलेले. गादी फेकून दिलेली. पाव करणारा माणूस कोपरापर्यंत मोजे घालतो. ढेकूण झाले असते तर घराला औषध मारलं असतं, माणसांनी मलम लावलं नसतं.

जिना उतरताना माझ्या लक्षात आलं, की मी स्वतःचं मनगट खाजवते आहे.

४

"खरूज," मी म्हटलं.

वृद्धाश्रमाच्या कपडे बदलायच्या खोलीत आम्ही दोघीच होतो. धाकटीने नुकतंच एका आजोबांना पुसून काढलं होतं. ओल्या टॉवेलचा, औषधाचा आणि म्हातारपणाचा एकत्र वास तिथे साचला होता. तिने टॉवेल बादलीत टाकला आणि बादलीवर झाकण ठेवलं.

"इथूनच लागली," ती म्हणाली. "त्या कोपऱ्यातल्या हॉलमध्ये सगळ्यांना झाली होती. मेट्रनने बजावलं होतं, खाज म्हणायचं, दुसरा शब्द तोंडातून काढायचा नाही. बाहेर कळलं तर आश्रम बंद होईल. मी रोज त्यांना उचलायचे, पुसायचे. मग एक दिवस बोटांच्या बेचक्यांत पुरळ दिसलं. महिन्याभरात यांना झालं. मग सासूबाईंना."

"डॉक्टरकडे गेला नाहीत?"

"डॉक्टरच्या कागदावर आलं असतं तर माझी नोकरी गेली असती आणि यांची बेकरी. दुकानातून गंधकाचं मलम आणलं. मानेपासून तळपायापर्यंत लावायचं असतं. पाठीला आपला आपण हात पोचत नाही. मग हे मला लावायचे, मी यांना." ती किंचित हसली. "हनिमूनलासुद्धा आम्ही एकमेकांना इतका हात लावला नसेल. दोघंही वासाने तोंडं फिरवायचो, आणि लावायचो. कमी होईपर्यंत मी त्या लहान खोलीत झोपायचे."

"हे तुम्ही मुलाखतीत सांगितलंत, तर फोटोचा सगळा अर्थ उलटा होतो. अंगाला अंग लागून झोपणाऱ्यांमध्येच ती अशी पसरते."

"आणि मी हे सांगितलं तर मेट्रन मला दुसऱ्या दिवशी काढेल. मी खरूज अंगावर घेऊन म्हाताऱ्यांना हाताळत होते, असंच म्हणतील सगळे. माझा परिचारिकेचा परवाना जाईल. आणि लोक, तुम्हीच सांगा, मला पुन्हा पाण्याचा पेला तरी हातात देतील का?"

तिने विचारलं तेव्हा मी नकळत अर्धं पाऊल मागे सरकले होते, आणि ते तिने पाहिलं होतं.

"हे कोणाकोणाला माहीत होतं?"

"घरातल्या आम्हा तिघांना. आणि ताईला, फोनवर. ताई म्हणाली, मला काही सांगूसुद्धा नकोस, शिसारी येते. तिची लॉन्ड्री आहे ना. त्या दिवसांत ती आमच्या घराकडे फिरकलीही नाही."

"पिशव्या कोणी बांधल्या?"

"कपडे असे कोंडून ठेवले की खरजेचे किडे मरतात. बांधले तेव्हा मी ड्यूटीवर होते, हे बेकरीत. परत आले तर सगळं नीट भरून, गाठी मारून ठेवलेलं. सासूबाई म्हणाल्या, मी बांधलं."

मला बिस्किटांचा डबा आठवला. ज्या बाईच्या हातून डब्याचं झाकण निघत नाही, तिने ठासून भरलेल्या पिशव्यांना तशा गाठी मारलेल्या नव्हत्या. त्या घरात चौथं माणूस येऊन गेलं होतं.

५

थोरलीच्या लॉन्ड्रीत गेले तेव्हा एका हॉटेलचे मळके टॉवेल आणि चादरी नुकत्याच येऊन पडल्या होत्या. धुतलेल्या कपड्यांचा सुगंध समोरच्या काउंटरपुरताच असतो. मागच्या बाजूला लोकांच्या झोपेचा, घामाचा, सांडलेल्या जेवणाचा आंबूस दर्प होता. धाकटी तिथेच इस्त्रीच्या टेबलाशी उभी होती. आश्रमाच्या पाळीआधी ती रोज इथे उभी असते, हे मला तेव्हा कळलं.

"या ना," थोरली म्हणाली. "रंगकामाचं पक्कं झालं ना? मी हिच्याकडून घोकून घेतेय."

बोलता बोलता तिचे हात चालूच होते. चादरी पारदर्शक पिशवीत कोंबायच्या, गुडघ्याने दाबून हवा काढायची, तोंडाला पीळ द्यायचा, पिळाची खाली घडी घालायची आणि त्याच्याच टोकाने दोनदा आवळायचं. गाठ एखाद्या आखूड शेपटीसारखी उभी राहायची. मग सगळ्या पिशव्या भिंतीला ओळीने लावून, गाठी पुढे करून, तिने मोबाइलवर एक फोटो काढला.

"हा कशाला?" मी विचारलं.

"माल आला की काढतेच. नाहीतर नंतर म्हणतात, आमचे दोन टॉवेल कमी आहेत. हाताला सवयच लागलीय."

मी पर्समधून तक्रारीचा फोटो काढला आणि काउंटरवर ठेवला. भिंतीला ओळ. गाठी पुढे. प्रत्येक गाठ एका आखूड शेपटीसारखी.

थोरलीने पाहिलं. इस्त्रीच्या टेबलाशी धाकटीनेही मान वर केली.

"काकूंच्या बोटांना अशी गाठ जमत नाही," मी म्हटलं. "बेकरीवाल्याने हा फोटो पाठवला असता तर तो आणि त्याची नवी बायको, दोघंही अडकली असती. नवी तर तेव्हा त्या घरात नव्हतीच. मेट्रनला रोग माहीत होता, पण घर माहीत नव्हतं. शिवाय ज्याने तक्रार केली त्याला एका गोष्टीची पक्की खात्री होती. फोटोचं खरं कारण धाकटी कधीच तोंडाने सांगणार नाही, याची. ती खात्री लहानपणापासून ओळखणाऱ्यालाच असते."

"मी तर तिला वाचवत होते! रंगकामाचं मीच सुचवलं!"

"भिंत नीट पाहा. अधिकारी ही भिंत पाहणार, धाकटी शपथेवर रंगकाम म्हणणार, आणि ती तिथल्या तिथे खोटी ठरणार. ती सबब तिला बुडवायला दिली होती. आणि हिच्या त्या वेळच्या नवऱ्याच्या कपड्यांच्या पिशव्या तुम्ही फोटोतून कापल्यात. एक बाही राहिली."

थोरलीने ओला हात पदराला पुसला. मला वाटलं ती नाकारेल. तिने नाकारलं नाही, आणि पुढे जे बोलली त्यापेक्षा नाकारणं बरं होतं.

"हो, गेले होते मी. कोण जाणार होतं दुसरं? त्या म्हातारीला काही उरकत नव्हतं. तोंडाला फडकं बांधून, श्वास रोखून तुझी घाण भरली मी! कोणाला सांगू नका म्हणून म्हातारीला शपथ घातली, माझ्या गिऱ्हाइकांना कळलं असतं तर? आणि फोटो काढला गेला सवयीने. मोबाइलमध्ये पडून होता."

"ताई, मग पाठवलास कशाला?" धाकटीचा आवाज अगदी साधा होता. एखादी गोष्ट कुठे ठेवली हे विचारावं तसा.

"तुला काय कमी आहे इथे? खोली आहे, जेवण आहे. माझी मुलं तुझ्याशिवाय झोपत नाहीत. सकाळी तू असतेस म्हणून दुकान उघडतं. एकदा करून बघितलास ना संसार? काय मिळालं, ते दिसलं सगळ्यांना. आता हा नवा नवरा आला की तू निघून जाणार. मी कुठे तुला हाकलून द्यायला निघाले होते? वकील स्वतःच म्हणालेत, अशी प्रकरणं वर्षानुवर्षं रेंगाळतात. राहिलं असतं रेंगाळत. तू इथेच असतीस. मी होतेच की तुला सांभाळायला."

"ती हरली असती तर तिला देश सोडावा लागला असता," मी म्हटलं.

"मी चांगला वकील लावलाय," थोरली म्हणाली.

ती हे मनापासून म्हणाली. स्वतः तक्रार करायची, स्वतःच वकिलाची फी भरायची, आणि बहीण जिंकूही नये, हरूही नये एवढ्या बेताने तिला पाण्यात धरून ठेवायची. प्रयोगशाळेत मी बरंच काही पाहिलं आहे. उघडलेलं झाकण इतक्या घाईने परत लावावंसं कधी वाटलं नव्हतं.

धाकटीने इस्त्रीचं बटण बंद केलं. अर्धा झालेला शर्ट तसाच ठेवून ती बाहेर पडली.

तक्रार कोणी केली ते कळलं होतं. पण त्या फोटोला उत्तर एकच होतं, आणि ते तिला स्वतःच्या तोंडाने द्यायचं होतं.

६

मुलाखतीच्या खोलीत खिडकी नव्हती. अधिकारी तरुण, नीटनेटका, नखं स्वच्छ कापलेला. त्याने फोटो पुढे सरकवला.

"याचं स्पष्टीकरण?"

वकीलसाहेब धाकटीकडे वळले. आदल्या दिवशी त्यांनी तिला दोन्ही बाजू समजावल्या होत्या. बोलली तर बहुधा नोकरी जाईल. गप्प राहिली तर नवरा आणि देश, दोन्ही. ती काय करणार, हे तिने आम्हाला सांगितलं नव्हतं.

"आम्हाला खरूज झाली होती," धाकटी म्हणाली.

मग ती थांबली नाही. कुठून लागली, पहिलं पुरळ कुठे आलं, कोणाला किती दिवसांनी झालं, मलम कोण कोणाला लावायचं, कुठे कुठे. आवाज सपाट होता, पाळी संपताना पुढच्या परिचारिकेला रुग्णाची माहिती द्यावी तसा. मेट्रनने काय बजावलं होतं तेही तिने सांगितलं. अधिकाऱ्याने टेबलावरचा हात हळूच उचलून मांडीवर ठेवला.

"तुमच्याखेरीज हे कोणी सांगेल?"

मी दार उघडलं. काकू बाहेर बाकावर बसल्या होत्या. त्यांच्या मुलाने लग्न खरं असल्याचं लिहून दिलं होतं, पण यायला नकार दिला होता. आईलाही येऊ नकोस म्हणून दम भरला होता. काकू टॅक्सी करून आल्या होत्या.

"हे नवरा-बायकोसारखे राहत होते, हे तुम्ही कशावरून सांगता?" अधिकाऱ्याने विचारलं.

"साहेब, खरूज काय टपालाने येते?" काकू म्हणाल्या. "हिला झाली, लेकाला झाली. मग माझे पाय चेपायची ती, म्हणून मला झाली. इथे, इथे, आणि बेंबीभोवती तर विचारू नका. दाखवू?"

"नको, नको!"

"हिचं माझं पटलं नाही. आजही पटत नाही. पण माझ्या घरातलं लग्न खोटं होतं म्हणणाऱ्याने माझ्यासमोर येऊन म्हणावं."

अधिकारी लिहू लागला. लिहिता लिहिता त्याने डावं मनगट पेनाने खाजवलं. मग कोपर. मग मान. आपल्याकडे सगळे पाहताहेत हे कळल्यावर त्याने पेन खाली ठेवलं, पण बोटं आपोआप कॉलरकडे गेलीच. अंगावर काही नसतानाही खाज येते, हे शास्त्रालाही मान्य आहे. त्या खोलीत तेव्हा आम्ही सगळेच खाजवत होतो. फक्त धाकटी हात मांडीवर ठेवून शांत बसली होती.

"या फोटोला इतकं किळसवाणं कारण कोणी आपणहून रचणार नाही," तो शेवटी म्हणाला. "पहिलं लग्न खरं होतं असं मी नोंदवतो. तुमच्या परवानगीला आता धोका नाही. नव्या नवऱ्याच्या अर्जाच्या शेवटच्या कागदावर आज सही केलीत, तर तो पुढे जाईल."

बाहेर व्हरांड्यात वकीलसाहेबांनी कागद काढला, पेन काढलं, धाकटीचं अभिनंदन केलं. आश्रमातून तिला पुन्हा येऊ नका असं सांगणारा फोन बहुधा उद्या-परवा येणार होता. पण त्या क्षणी ती हसत होती. सही करण्याआधी तिने दुसऱ्याला फोन लावला. गावी थांबलेल्या नवऱ्याला. आनंदात तिने स्पीकर चालू ठेवला होता, आणि सगळं, अगदी सगळं, भरभर सांगून टाकलं.

पलीकडे दार लावून घेतल्याचा आवाज आला.

"हे तू सगळ्यांसमोर बोललीस?" तो म्हणाला. "लिहून घेतलं त्यांनी?"

"हो. म्हणून तर झालं काम."

"पण हे बोलायची काय गरज होती? दुसरं काही सांगता आलं नसतं? उद्या माझ्या घरी कळलं तर लोक काय म्हणतील? आणि तू मला लग्नाआधी का नाही सांगितलंस? आता... आता पूर्ण गेलीय ना ती? तुला नक्की माहीतय ना?"

धाकटीच्या चेहऱ्यावरचं हसू एकदम गेलं नाही. आधी डोळ्यांतून गेलं, मग ओठांवर तसंच राहून गेलं.

"गेलीय," ती म्हणाली आणि फोन बंद केला.

काकू बाकावर बसून चपलेचा पट्टा लावायचा प्रयत्न करत होत्या. धाकटी खाली बसली, तो पट्टा लावून दिला आणि उठून उभी राहिली.

"करताय ना सही?" वकीलसाहेबांनी कागद पुढे धरला. "आता कोणी अडवणारं नाही."

तिने पेन घेतलं. आपलं नाव आणि त्याचं नाव शेजारी शेजारी लिहिलेलं होतं, ते तिने वाचलं. मग पेनाचं टोपण लावलं आणि पेन त्यांच्या हातात परत दिलं.

"आज नको," ती म्हणाली. "आधी मला राहायला एक खोली बघायचीय. एकटीपुरती."